चालायचं यंत्र नंतर, चालणं आज रात्रीपासून

बोरिवली पूर्वेहून एका वाचकाचं लांबलचक पत्र आलंय, सगळं देणं शक्य नाही म्हणून मुद्द्याचं तेवढं इथे देते. वय ४३, आयटीत सपोर्टचं काम, आठवड्यातून दोन दिवस अंधेरीला ऑफिस आणि बाकी घरून. वन बीएचके, घरात बायको, सातवीतला मुलगा आणि आई. छंद इलेक्ट्रॉनिक्सचा, तोही कॉलेजपासूनचा. कंपनीच्या चेकअपमध्ये एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी, ६.१ आलं, डॉक्टर म्हणाले गोळी आत्ताच नको पण रोज चाला आणि वजन उतरवा. पुढचं त्यांच्याच शब्दांत.

"ताई, दुसऱ्याच दिवसापासून चालायचं ठरवलं होतं. मग वाटलं चालणारच तर नीट मोजून चालू, म्हणून ईएसपी३२ (वायफायवाला छोटा कंट्रोलर) आणि एमपीयू६०५० (हालचाल ओळखणारा सेन्सर) घेऊन कमरेला लावायचा पावलं मोजणारा डबा बनवायला घेतला. रोज १०,००० चं टार्गेट ठेवलं. डबा लोकलमध्ये बसल्या बसल्यासुद्धा पावलं मोजतो, ते सुधारण्यात दोन महिने गेले, आता डॅशबोर्ड बनवतोय. चालणं आठवड्यातून एखाद वेळी होतं. बायको म्हणते तुझा कोड चालतोय, तू कधी चालणार? घरात अजून चार प्रोजेक्ट अर्धवट पडलेत, माळ्यावरच्या टाकीचा अलार्म त्यातलाच, आई अजून रोज सकाळी टाकी भरेपर्यंत कॉकपाशी उभी असते. जेवायच्या टेबलावर वायरी असतात त्यावरून रोज वाद. हे सगळं सामान विकून एक वॉकिंग पॅड, म्हणजे घरात जागच्या जागी चालायचं पट्ट्याचं यंत्र, घेऊ का? ता. क. मुलगा सोल्डरिंग (वायरी डाग देऊन जोडणं) शिकव म्हणून मागे लागलाय, शिकवू का?"

नमस्कार.

सामान अजिबात विकू नका. हे सगळ्यात आधी सांगते कारण पत्राचा सूर बघता तुम्ही फोटो काढून विकायला टाकायच्या बेतात दिसताय. वीस वर्षांचा छंद एका रिपोर्टच्या धक्क्यात विकून टाकलात तर महिनाभरात तुम्ही चिडचिडे व्हाल आणि चालणंही होणार नाही, वर घरात एक वॉकिंग पॅड भिंतीला टेकून उभा राहील ज्याच्यावर टॉवेल वाळत असतील. वन बीएचकेमध्ये पाच फुटी यंत्र कुठे ठेवणार हा प्रश्न आहेच, पण मला त्याहून मोठी अडचण अशी दिसते की तुम्ही परत एकदा एखादं यंत्र आलं की मग चालायला लागू असंच म्हणताय. आधी डबा होता, आता पॅड.

डबा का बनवायला घेतलात ते मला पूर्ण समजतं, मी पण रात्री उशिरापर्यंत मल्टीमीटर घेऊन बसणाऱ्यांपैकीच आहे. आपण काहीतरी जोडलं की त्याच रात्री एलईडी लागतो, कॉम्प्युटरवर सिरीयल मॉनिटरच्या खिडकीत आकडे पळायला लागतात, झालं की नाही ते लगेच कळतं. चालण्याचं तसं नाही हो, आज चाललात, उद्या चाललात तरी आठवडाभर काहीच दिसत नाही, वजनाचा काटा पण हलत नाही, आणि ज्याला रोज संध्याकाळी काहीतरी चालू झालेलं बघायची सवय आहे त्याला हे जड जातं. म्हणून डोकं आपोआप त्यातल्या त्यात ओळखीच्या भागाकडे, म्हणजे मोजण्याच्या यंत्राकडे वळतं. यात आळशीपणा नाहीये. पण या सगळ्यात तुमचं चालणं त्या डब्याला बांधलं गेलं, डबा नीट नाही म्हणून चालणं नाही, असं झालंय. ती गाठ आधी सोडायची, आणि ती आज रात्री जेवण झाल्या झाल्या सुटते.

आज जेवून उठलात की फोन खिशात टाका, चपला नको, बूट घाला, आणि बिल्डिंगच्या खाली पंधरा मिनिटं चाला. एवढंच. उद्या घरून काम असेल तर दुपारच्या जेवणानंतर अजून पंधरा मिनिटं. आपल्याकडे शतपावली घालतात ती उगीच नाही, जेवणानंतर रक्तात साखर चढत असते आणि त्याच वेळी पायाचे मोठे स्नायू कामाला लावले की ते ती साखर ओढून घेतात, आणि चालत्या स्नायूला त्यासाठी इन्सुलिनची वाटही फारशी बघावी लागत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत एक छोटा अभ्यास झाला होता, साठीच्या पुढच्या आणि साखर काठावर असलेल्या लोकांना एकदा सकाळी सलग ४५ मिनिटं चालवलं आणि एकदा तीन जेवणांनंतर १५-१५ मिनिटं. दिवसभराची साखर दोन्हींनी सुधारली पण रात्रीच्या जेवणानंतर चढणारी साखर त्या १५ मिनिटांच्या फेरीने जास्त खाली राहिली. माणसं फक्त दहा होती त्यामुळे तो काही शेवटचा शब्द नाही, पण तुमच्यासाठी यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे सलग पाऊण तास मिळत नाही हे कारण निकालात निघतं. डॉक्टरांनी पाऊण तास सांगितलं असेल तर तीन तुकडे करा, चालतं.

तुमचं ६.१ म्हणजे ५.७ ते ६.४ या प्रीडायबेटिसच्या, म्हणजे मधुमेहाच्या आधीच्या पट्ट्यात बरोबर मधोमध. इथून दोन्हीकडे रस्ता जातो आणि हे मी धीर देण्यासाठी म्हणत नाहीये. चेन्नईच्या डॉक्टरांनी केलेला एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, साखर काठावर असलेल्या ५३१ भारतीयांचा. ज्यांना खाणं आणि चालणं सुधारायला लावलं त्यांच्यात पुढच्या अडीच-तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण काहीच न बदललेल्यांपेक्षा सुमारे २८ टक्क्यांनी कमी राहिलं, आणि मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांनाही जवळपास तेवढाच फायदा झाला. म्हणजे नुसतं चालून आणि ताटातला भात-पोळीचा भाग आवरून गोळीएवढं काम होतं, आपल्यासारख्याच खाण्यापिण्याच्या लोकांमध्ये. मला तरी ही खूप मोठी गोष्ट वाटते.

आता ते १०,०००. हा आकडा तुम्ही पहिल्या दिवसापासून डोक्यावर घेतलात आणि ४,००० वर अडकलात की दिवस वाया गेला म्हणून सोडून दिलंत, बरोबर ना? हा आकडा कुठल्या डॉक्टरांच्या समितीने काढलेला नाही, टोकियो ऑलिंपिकच्या पुढच्या वर्षी, १९६५ मध्ये जपानमध्ये एक पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं त्याच्यासोबत तो आला आणि जगभर पसरला. २०१९ मध्ये साधारण १७,००० वयस्कर बायकांचा अभ्यास आला, सरासरी वय ७२, त्यात २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्येसुद्धा मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं आणि ७,५०० च्या आसपास फायद्याचा आलेख सपाट झाला. तुम्ही ४३ चे आहात, ७२ च्या आजीबाई नाही, त्यामुळे ७,५०० ला थांबा असं म्हणत नाही, पण ४,००० चे ५,००० झाले तो दिवस वाया गेलेला नसतो हे नक्की. पंधरा मिनिटं जरा झपझप चाललात की साधारण १,५०० पावलं होतात. दोन फेऱ्या म्हणजे ३,०००, तुमचे नेहमीचे ४,००० धरून झाले की ७,०००. जागतिक आरोग्य संघटना तर पावलांचं काही बोलतच नाही, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम वेगाची हालचाल आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम एवढंच सांगते. मध्यम वेग म्हणजे मिनिटाला १०० च्या आसपास पावलं, बोलता येतं पण गाणं म्हणायला गेलात तर दम लागतो, तेवढा.

आणि मोजायचंच असेल तर तुमच्या खिशात मोजणारं यंत्र आधीपासून आहे. अँड्रॉइडमध्ये २०१३ च्या ४.४ व्हर्जनपासून पावलं मोजायची सोय सिस्टीममध्येच दिलेली आहे, फोनमधली एक छोटी चिप बॅटरी जवळजवळ न खाता ते करत असते. दोनचार टक्के इकडेतिकडे होईल, होऊ दे. रोज तोच फोन, त्याच खिशात, म्हणजे कालच्यापेक्षा आज जास्त की कमी एवढं कळतं आणि सध्या तेवढंच हवंय.

चालायला जागा नाही असं बोरिवलीकरांनी तरी म्हणू नये, तुमच्या बाजूला नॅशनल पार्कचं गेट आहे, रविवारी सकाळी लवकर तिथे जा, मुलाला घेऊन जा. फक्त पहिल्याच रविवारी कान्हेरीपर्यंत जायचं मनात आणू नका, लेणी गेटपासून चांगली ५-६ किलोमीटर आत आहेत आणि शेवटी चढ आहे, परतीचं पण चालायचं असतं हे लोक विसरतात. रोजच्यासाठी बिल्डिंगची फेरी आणि आतले रस्ते बरे, हायवेला लागून चालू नका, धूर खायला कशाला जायचं, आणि हिवाळ्यात सकाळी हवा जड असते तेव्हा तर हवेचा आकडा बघून जरा उशिरा निघा. पावसात खाली पार्किंगमध्ये चाला, स्कायवॉकवर चाला, काहीच नाही तर घरातल्या घरात ऑफिसचा कॉल चालू असताना हॉल ते गॅलरी करा, सपोर्टच्या कॉलवर अर्धा वेळ तुम्हाला म्यूटवरच बसायचं असतं. फुटपाथचे पेव्हर ब्लॉक कुठे हलतात ते तुम्हाला माहीत असेलच, रात्री तिथून जाताना फोनमध्ये बघू नका एवढं ऐका. पायाला ग्रिप असलेले बूट घ्या, सामानाच्या पैशातून नव्हे, वॉकिंग पॅडच्या पैशातून, बूट त्याच्यापुढे काहीच नाहीत.

आता तुमच्या आवडीच्या भागाकडे येते, कारण प्रोजेक्ट बंद करा असं मी म्हणतच नाहीये, फक्त क्रम बदला. सगळ्यात आधी टाकी.

माळ्यावरच्या टाकीच्या अलार्मचं पत्रात जे लिहिलंय ते वाचून मला आईंचंच वाईट वाटलं. तुम्ही टाकीच्या झाकणाला एचसी-एसआर०४, म्हणजे आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा अल्ट्रासोनिक सेन्सर लावलात, ईएसपी३२ ने वायफायवरून फोनवर नोटिफिकेशन पाठवायचं ठरवलंत, सेन्सर दोनदा खराब झाला, मग सर्व्हर बदलायचा म्हणून काम थांबलं, आणि आई अजून कॉकपाशी उभ्या. सेन्सर खराब होणारच होता, त्याचे ते दोन डोळे उघडे असतात आणि बंद टाकीत वाफ धरते, मुंबईच्या हवेत तर बघायलाच नको. त्यासाठी वॉटरप्रूफ जेएसएन-एसआर०४टी मिळतो, पण त्याला जवळचे २०-२५ सेंटिमीटर दिसतच नाहीत आणि माळ्यावरची टाकी असते केवढी, भरत आली की नेमकं तिथेच कळायला हवं. म्हणून या कामाला अल्ट्रासोनिक घेऊच नका. छोटा प्लॅस्टिकचा फ्लोट स्विच घ्या, आत रीड स्विच (लोहचुंबक जवळ आलं की जुळणारा) आणि तरंगत्या गोळ्यात लोहचुंबक असा, स्वस्त असतो. टाकीच्या बाजूला वरून चार बोटं खाली बसवा. त्याच्या दोन वायरी, एक बझर, तीन पेन्सिल सेलचा होल्डर आणि आवाज बंद करायला एक साधा स्विच, सगळं एका ओळीत सिरीजमध्ये. पाणी वर आलं की गोळा उचलला जातो, सर्किट पूर्ण होतं, बझर वाजतो. उलटा वागत असेल, म्हणजे टाकी रिकामी असताना वाजत असेल, तर बाजूने बसणारा पूर्ण स्विच अर्धा फिरवून बसवा, उभा असेल तर गोळा काढून उलटा घाला, बहुतेक फ्लोट स्विचमध्ये तसं करता येतं. ना कोड, ना वायफाय, ना लाइट गेली की रीसेट. एका संध्याकाळचं काम आहे, आणि सेल खूप दिवस पुरतात कारण वाजत नसताना करंट जातच नाही.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. एक म्हणजे सोल्डरचा जोड टाकीच्या आत अजिबात नको, आपल्याकडे नेहमी मिळणाऱ्या सोल्डरमध्ये शिसं असतं आणि ते पाणी तुम्ही पिता, त्यामुळे फ्लोटच्या मूळ वायरी टाकीबाहेर आणून मग जोड द्या आणि वर हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आवळणारी नळी चढवा. दुसरी म्हणजे बझर आईंना ऐकू येतो का ते त्यांना समोर बसवून तपासा. हे छोटे बझर बारीक आणि कर्कश आवाजाचे असतात, २ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपासचे, आणि वयानुसार बारीक आवाजच आधी कमी ऐकू यायला लागतात. तुम्हाला कान फाटल्यासारखं वाटेल आणि त्यांना शेजारच्या खोलीतून पत्ताच लागणार नाही. नसेल ऐकू येत तर जरा खालच्या सुराचा मोठा बझर बघा किंवा सोबत एक ठळक लाल एलईडी लावा. बझर किचनमध्ये त्या जिथे बसतात तिथे हवा, माळ्यावर नको. आणि हा फ्लोट बिल्डिंगच्या पंपाच्या मोटरला थेट जोडायचा मोह कुणी सोसायटीत दाखवला तर नाही म्हणा, त्या रीड स्विचची ताकद बझरपुरतीच आहे, २३० व्होल्टचं काम लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनचं.

नोटिफिकेशन, ग्राफ, महिन्याचा हिशोब हे सगळं नंतर त्याच दोन वायरींवर चढवता येईल. आधी वाजू दे. मला वाटतं तुमच्या घरातला वाद टेबलावरच्या वायरींचा कमी आणि वर्षभर त्या वायरींमधून घरातल्या कुणाच्याच हातात काही आलं नाही याचा जास्त आहे. वहिनींनी नक्की काय म्हटलंय ते तुम्ही एकाच वाक्यात लिहिलंत, पण त्यांना हव्या असलेल्या एखाद्या गोष्टीचा पत्रात उल्लेखच नाही. विचारा ना त्यांना, घरात कुठली कटकट आहे जी वायर जोडून सुटेल, आणि ते पुढचं प्रोजेक्ट करा, बाकीचे तीन डब्यात घालून लेबल लावून माळ्यावर टाका.

टेबलाचं म्हणाल तर एक जुना लाकडी पाट किंवा दोन फुटी प्लायवूडचा तुकडा घ्या आणि सगळं त्याच्यावरच मांडा, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता सर्किट जोडायची पाटी) त्यालाच दोन बाजूच्या टेपने चिकटवा. जेवायची वेळ झाली की जंपर वायर न हलवता पूर्ण पाट उचलून पलंगाखाली सरकवायचा. सोल्डरिंग आयर्न मात्र थंड झाल्याशिवाय नाही.

मग त्या पावलांच्या डब्याचं. तो पूर्ण करा, मला तो आवडलाय, पण रोजचं चालणं महिनाभर नीट बसल्यावर. तुमचा लोकलचा प्रॉब्लेम असा आहे की तुम्ही थ्रेशोल्डच्या, म्हणजे ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेलेला प्रत्येक उंचवटा पाऊल धरताय. तीनही अक्षांचे वर्ग करून बेरजेचं वर्गमूळ घेताय ते बरोबर आहे, त्यामुळे डबा कसाही लावला तरी स्थिर असताना १ जी, म्हणजे नुसतं गुरुत्वाकर्षण दिसतं. पण गाडीचे धक्के आणि रुळांचे सांधे पण तेवढाच उंचवटा देतात, म्हणून थ्रेशोल्ड वर-खाली करत बसून ते कधीच सुटणार नाही. माणूस चालतो तेव्हा सेकंदाला साधारण दीड ते दोन पावलं पडतात आणि लागोपाठच्या दोन पावलांमधलं अंतर जवळपास सारखं असतं. तेव्हा पहिले ८-१० उंचवटे मोजायचे पण बेरजेत टाकायचे नाहीत, बाजूला धरून ठेवायचे, त्यांच्यातलं अंतर ०.३ ते ०.८ सेकंदांच्या मध्ये आणि एकमेकांशी मिळतंजुळतं असेल तरच सगळे एकदम जमा करायचे, ताल तुटला की पुन्हा शून्यापासून. त्यात अंधेरीपर्यंतची बसल्या जागची बरीच पावलं गळून पडतील. आणि डॅशबोर्डवर दिवसाची बेरीज दाखवू नका, ती फोन दाखवतोच, मिनिटाला किती पावलं पडतायत ते दाखवा. वेग १०० च्या खाली गेला की डब्याने बारीकसा व्हायब्रेट करावा, बस्स. असं केलंत तर तो डबा फोनमध्ये नसलेलं काहीतरी देईल.

त्या डब्यात तुम्ही ४०० एमएएचची चपटी लिथियम बॅटरी आणि टीपी४०५६ चं चार्जिंग मॉड्यूल घातलंय असं लिहिलंय, हे वाचून जरा काळजी वाटली. ते मॉड्यूल येतानाच १.२ के (किलोओहम) चा रेझिस्टर घेऊन येतं, म्हणजे १ अँपिअरने चार्ज करतं, मोठ्या गोल १८६५० सेलला ते ठीक आहे पण तुमच्या छोट्या बॅटरीसाठी हे अडीचपट झालं, ती तापेल आणि फुगेल. तो रेझिस्टर काढून ५ के चा लावा, करंट साधारण २५० मिलिअँपिअरवर येईल, १० के लावलात तर १३० वर, वेळ लागेल पण कमरेला बांधायच्या वस्तूत हळू चार्ज झालेलं बरं. मॉड्यूल प्रोटेक्शनवालं आहे ना ते बघून घ्या, आणि तोपर्यंत गादीवर, रात्री झोपताना चार्जिंगला लावू नका. आधीच फुगली असेल तर टोचू नका, दाबू नका, वापरणं बंद करून ई-कचऱ्यात द्या.

सामान आणायला घरपोच मागवायची सवय असेल तर महिन्यातून एकदा तरी ती मोडा. शनिवारी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जा, रविवारी बरीच शटरं खाली असतात. काय हवं ते चिठ्ठीवर लिहून न्या म्हणजे पैसे आटोक्यात राहतील, दोन-तीन दुकानं फिरा, आणि येताना ग्रँट रोडला परत न फिरता ऑपेरा हाऊसवरून गिरगाव चौपाटीला निघा, समुद्राच्या कडेने थोडं चालून चर्नी रोडला गाडी पकडा. त्यात दिवसाची पावलं कधी झाली कळत पण नाही. आणि अडलेला कोड चालताना सुटतो हे तुम्हाला एव्हाना अनुभवाने माहीत असेल, नसेल तर होईल, मात्र कानात काही न घालता चाला.

रात्रीच्या फेरीला वहिनींना विचारा. रोज नाही आल्या तरी चालेल. त्या वेळात त्यांना सेन्सरबद्दल सांगत बसू नका, दिवसभर घरून काम करून पण तुम्ही दोघं बोलत नसाल असं मला पत्रावरून वाटलं, चुकत असेन तर सोडून द्या. आई पण दहा मिनिटं खाली येऊ शकत असतील तर उत्तम, त्यांचा वेग तुमचा नसेल, तेव्हा त्यांच्यासोबतची फेरी वेगळी धरा.

डॉक्टरांकडे एकदा जाऊन चालायला सुरुवात केल्याचं सांगा आणि खाण्याचं नीट विचारून घ्या, त्याबद्दल पत्रात काहीच नाही आणि मी तुमचं ताट न बघता सल्ला देणार नाही. चालताना छातीत दाब आला, नेहमीपेक्षा वेगळा दम लागला, चक्कर आली तर तिथेच थांबायचं आणि त्याच दिवशी दाखवायचं, उद्यावर ढकलायचं नाही. आणि एचबीए१सी दर महिन्याला करत बसू नका, ती गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, त्यामुळे तीन महिन्यांच्या आत आकडा हलला नाही म्हणून निराश व्हायचं काही कारण नाही. मधल्या काळात पॅंटचा पट्टा काय सांगतो ते बघा.

ता. क. चं उत्तर हो, जरूर शिकवा, १२-१३ वर्षं हे चांगलं वय आहे. खिडकी उघडी, पंखा धूर तोंडापासून लांब नेईल असा, डोळ्यावर साधा पारदर्शक गॉगल, आणि आयर्नला स्टँड असायलाच हवा, पुस्तकावर टेकवून ठेवायचं नाही. काम झालं की साबणाने हात धुतल्याशिवाय खाऊला हात लावायचा नाही, हे शिशामुळे, आणि हा नियम तुम्हीही पाळा म्हणजे तो पाळेल. आधी नुसत्या तांब्याच्या वायरीचे तुकडे एकमेकांना जोडायला द्या, तार आधी तापवायची आणि सोल्डर तारेला लावायचं, आयर्नच्या टोकाला नाही, एवढं त्याच्या हाताला बसलं की बझरच्या वायरी त्यालाच जोडू द्या. आयर्न त्याच्या हातात असेपर्यंत तुमचा फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.